भोरड्यांचा थवा संगणकावर कसा उतरवायचा

हिवाळ्यातल्या संध्याकाळी सोलापूर-बारामतीकडच्या ज्वारीच्या पट्ट्यात गेलात, तर रातथाऱ्याला उतरण्याआधी भोरड्या (मैनेच्या कुळातली पाखरं) आभाळात घिरट्या घालताना दिसतात. थवा वळला की मधेच एक भाग काळाकुट्ट होतो, लगेच विरळ होतो, दोन तुकडे पडतात आणि पुन्हा जोडले जातात. हजारो पाखरं असतात, तरी एकमेकांवर आदळत नाहीत. यांना वळायला सांगतं कोण, हा प्रश्न बघणाऱ्या प्रत्येकाला पडतो. एडमंड सेलूस या इंग्रज पक्षिनिरीक्षकाने १९३१ साली पक्ष्यांमध्ये विचारांचं संक्रमण होत असावं अशी शंका मांडली होती. इतकं ते दृश्य चकित करणारं आहे.

उत्तर असं की सांगणारं कुणी नाही. प्रत्येक पाखरू फक्त आपल्या आजूबाजूच्या सहा-सात पाखरांकडे बघून उडतं. क्रेग रेनल्ड्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८६ मध्ये हे करून दाखवलं आणि १९८७ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आपल्या संगणकी पाखरांना त्याने ‘बॉइड’ म्हटलं. त्याच्या यंत्रावर ८० बॉइडांच्या एका चित्रचौकटीला (फ्रेमला) सुमारे ९५ सेकंद लागत. दहा सेकंदांच्या, म्हणजे ३०० चौकटींच्या हालचालीला आठ तास. आज तुमच्या साध्या लॅपटॉपवर तेवढीच पाखरं डोळ्यांसमोर उडतात. म्हणून ज्याला प्रोग्रॅमिंगची नुकती ओळख झाली आहे, त्याने पहिला मोठा प्रयोग म्हणून हाच करावा असं मला मनापासून वाटतं. दोनशे ओळींच्या आत काम होतं आणि समोर दिसतं ते त्या दोनशे ओळींत कुठंही लिहिलेलं नसतं.

काय लागेल

लूप, फंक्शन आणि क्लास एवढं येत असलं की पुरे. गणितात शाळेतले सदिश आठवावे लागतील: दोन बाणांची बेरीज, वजाबाकी आणि बाणाची लांबी. भाषा कोणतीही चालेल. मी पायथन आणि त्यातली पायगेम लायब्ररी वापरतो, कारण तिच्यात द्विमिती सदिशांचा तयार क्लास आहे. ब्राउझरमध्येच काम करायचं असेल तर जावास्क्रिप्टची पी५जेएस घ्या. काहीच लिहायच्या आधी नुसतं खेळून बघायचं असेल, तर नेटलोगो हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्याच्या नमुना-संग्रहात जीवशास्त्राच्या विभागात थव्याचा प्रयोग तयार आहे.

पायथन ३ मध्ये चलांची आणि फंक्शनांची नावं देवनागरीत लिहिता येतात. स्थान, वेग, शेजारी अशी नावं दिली की विचार आणि कोड यांच्यातलं अंतर कमी होतं. नवशिक्याला याचा खरंच उपयोग होतो. फक्त आकडे मात्र इंग्रजी अंकांतच टाइप करा, देवनागरी अंक कोडमध्ये चालत नाहीत. खाली दिलेत ते मराठीतले मसुदे आहेत. ते तसेच चालणार नाहीत, आपापल्या भाषेत उतरवून घ्यायचे आहेत.

आधी एकच पाखरू

शंभर पाखरं एकदम सोडायचा मोह आवरा. एक पाखरू नीट उडालं पाहिजे. त्याच्याकडे तीनच गोष्टी असतात: ते कुठं आहे, कुठल्या दिशेने किती जोरात चाललंय, आणि या क्षणी त्याला कुठं जावंसं वाटतंय. तिसऱ्या गोष्टीला भौतिकशास्त्रात त्वरण म्हणतील. मी तिला ‘ओढ’ म्हणतो.

    पाखरू:
        स्थान = पडद्यावर कुठंही
        वेग = आडवा −२ ते २, उभा −२ ते २ यांतला कोणताही
        ओढ = (०, ०)

    हलव(पाखरू):
        वेग = वेग + ओढ
        वेगाची लांबी ४ पेक्षा जास्त असेल तर ४ कर
        स्थान = स्थान + वेग
        ओढ = (०, ०)

शेवटची ओळ विसरू नका. ती राहिली तर जुनी ओढ दर चौकटीत साठत जाते आणि पाखरू वळायचंच विसरतं.

सुरुवातीचा वेग निवडताना उणे आकडे घ्यायचे तेही लक्षात ठेवा. माझ्या पहिल्या प्रयोगात मी नुसता ० ते १ मधला आकडा घेतला होता. सगळा थवा उजवीकडे खालच्या कोपऱ्याकडे सरकत राहायचा, आणि मी दोन दिवस नियमांतच चूक शोधत बसलो. संगणकाच्या पडद्यावर उभा अक्ष वरून खाली वाढतो, त्यामुळे दोन्ही आकडे धन असले की दिशा खाली-उजवीकडेच होते.

पडदा १००० बाय ७०० पिक्सेलचा धरा, सेकंदाला ६० चौकटी. पाखराला एक छोटा त्रिकोण काढा, टोक वेगाच्या दिशेने. गोल ठिपका काढू नका. दिशा दिसली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

कडेला पोचलं की काय? सर्वांत सोपी युक्ती म्हणजे उजवीकडून बाहेर गेलेलं पाखरू डावीकडून आत आणायचं, वरचं खालून. या युक्तीत एक खाच आहे, तिच्याकडे आता येतोच.

शेजारी कोण

या प्रयोगाचा जीव इथं आहे, म्हणून इथं घाई करू नका.

पाखराला संपूर्ण थवा दिसत नाही. त्याला ५० पिक्सेलच्या आतले तेवढे दिसतात असं आपण ठरवू. रेनल्ड्सच्या मूळ कल्पनेत अंतराबरोबर कोनही होता: अगदी पाठीमागचं पाखराला दिसत नाही. पहिल्या दिवशी कोन सोडून द्या, फक्त अंतर ठेवा.

आता ती खाच. एक पाखरू डाव्या कडेला आहे, दुसरं उजव्या कडेला. आपण कडा एकमेकींना जोडल्या आहेत, म्हणजे ही दोघं खरं तर शेजारी आहेत. पण साधी वजाबाकी केली तर त्यांच्यात जवळजवळ हजार पिक्सेल अंतर निघतं. थवा कडेवरून जाताना दुभंगताना दिसला तर कारण हेच. म्हणून फरक काढणारं वेगळं फंक्शन लिहा आणि सगळीकडे तेच वापरा:

    फरक(अ, ब):
        आडवा = ब.आडवा − अ.आडवा
        आडवा ५०० पेक्षा जास्त: त्यातून १००० वजा
        आडवा −५०० पेक्षा कमी: त्यात १००० मिळव
        उभ्यासाठी असंच, ३५० आणि ७०० घेऊन
        (आडवा, उभा) परत दे

याच कारणासाठी शेजाऱ्यांच्या स्थानांची सरळ सरासरी काढायची नाही. एक डाव्या कडेला, एक उजव्या कडेला असेल तर सरासरी पडद्याच्या मध्यावर येते, जिथं कुणीच नाही. फरकांची सरासरी काढा, ती बरोबर दिशा दाखवते.

तीन ओढी

पाखराला तीन गोष्टी हव्या असतात: शेजाऱ्यावर आदळायचं नाही, शेजारी जिकडे चालले तिकडे चालायचं, आणि एकटं पडायचं नाही. मी त्यांना अंतर, दिशा आणि सोबत अशी नावं दिली आहेत.

तिन्हींसाठी एक समान पायरी आहे. आधी ‘मला कुठं जायला आवडेल’ ती दिशा ठरवायची. त्या दिशेने पूर्ण वेगाने जात असतो तर वेग किती असता ते काढायचं, त्यातून आत्ताचा वेग वजा करायचा. उरेल ती ओढ. पण कुठलंही पाखरू जागच्या जागी उलटं फिरू शकत नाही, म्हणून ओढीलाही मर्यादा घालायची.

    ओढ_काढ(पाखरू, कुठं):
        कुठं ची लांबी शून्य असेल तर (०, ०) परत दे
        हवा = कुठं, लांबी ४ करून
        बदल = हवा − पाखरू.वेग
        बदलाची लांबी ०.१ पेक्षा जास्त असेल तर ०.१ कर
        बदल परत दे

पहिली तपासणी अनेकजण गाळतात. शून्य लांबीच्या सदिशाची लांबी बदलायला गेलात तर पायगेम चूक दाखवून थांबतं, आणि ते नेमकं दहा मिनिटं सगळं छान चालल्यावर होतं. ०.१ हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. तो वाढवून १ करा, पाखरं घरमाश्यांसारखी झटके देत थरथरतील. ०.०२ करा, जड विमानांसारखी लांब वळणं घेतील. पाखराचा स्वभाव इथं ठरतो.

आता अंतर:

    अंतर(मी):
        कुठं = (०, ०)
        २५ पिक्सेलच्या आतल्या प्रत्येक शेजाऱ्यासाठी:
            फ = फरक(शेजारी, मी)
            ल = फ ची लांबी
            ल शून्यापेक्षा जास्त असेल तर
                कुठं = कुठं + फ / (ल × ल)
        ओढ_काढ(मी, कुठं) परत दे

लांबीच्या वर्गाने भागायचं कारण असं: एकदा भागलं की नुसती दिशा उरते, दुसऱ्यांदा भागलं की जवळच्याचा धाक जास्त आणि लांबच्याचा कमी होतो. हे केलं नाही तर हातभर अंतरावरचा आणि अंगाला चिकटलेला दोघेही सारखेच वाटतात.

दिशा याहून सोपी. ५० पिक्सेलच्या आतल्या शेजाऱ्यांच्या वेगांची सरासरी काढा आणि ती ‘कुठं’ म्हणून द्या. सोबत म्हणजे त्याच शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या फरकांची सरासरी. शेजारी एकही नसेल तर शून्याने भागाकार होणार नाही एवढं पाहा.

या तीन ओढी एकत्र जोडायच्या आधी एकेक करून चालवा. माझी ही विनंती कळकळीची आहे, कारण बहुतेक नवशिके इथंच उडी मारतात आणि मग बिघाड कुठं आहे ते कळत नाही. फक्त अंतर चालू ठेवलं तर पाखरं खोलीभर पसरलेल्या वायूसारखी समान विखुरतात. फक्त सोबत ठेवली तर जागोजागी घट्ट गुंते होतात, पाखरं एकमेकांच्या आरपार येरझाऱ्या घालतात. अंतर आणि सोबत दोन्ही, पण दिशा नाही, असं केलं की संध्याकाळी डोक्यावर घोंगावणाऱ्या चिलटांचा पुंजका दिसतो: एकत्र आहे, पण कुठं जात नाही. फक्त दिशा ठेवली तर काही वेळात सगळी एकाच दिशेने चालू लागतात, पण थवा बांधला जात नाही.

मग तिन्ही जोडा:

    प्रत्येक चौकटीत:
        प्रत्येक पाखरासाठी:
            ओढ = ओढ + १.५ × अंतर + १ × दिशा + १ × सोबत
        सगळ्यांची ओढ काढून झाल्यावरच:
            प्रत्येक पाखरू हलव
        सगळ्यांना रंगव

दोन वेगळे लूप आहेत ते मुद्दाम. एकाच लूपमध्ये ओढ काढून लगेच हलवलं, तर यादीतलं पहिलं पाखरू जुनं जग बघतं आणि शेवटचं पाखरू बाकी सगळी हलून झालेली. म्हणजे यादीतला क्रमांक हा नकळत चौथा नियम होतो. डोळ्यांना ते चटकन दिसत नाही, पण मोजायला गेलात की आकडे विचित्र येतात.

अंतराला १.५ हे वजन कशाला? कारण आदळणं सर्वांत महाग. पण हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. तिन्हींसाठी पडद्यावर सरकपट्ट्या लावा आणि चालू प्रयोगात हलवून बघा. अर्धा तास त्यात गेला तर तो वाया गेलेला नसतो.

थवा झाला का, हे मोजायचं कसं

‘छान दिसतंय’ यावर थांबू नका. एक आकडा काढता येतो. प्रत्येक पाखराचा वेग घ्या, त्याची लांबी १ करा, सगळ्यांची सरासरी काढा आणि त्या सरासरीची लांबी मोजा. सगळी एकाच दिशेने चालली असतील तर उत्तर १. वाट्टेल तिकडे चालली असतील तर शून्याच्या जवळ; १०० पाखरं असताना ते ०.१ च्या आसपास घुटमळतं.

तमाश विचेक या हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत १९९५ मध्ये याच आकड्याच्या आधारे एक साधा प्रयोग मांडला. त्याच्या कणांना अंतर नव्हतं, सोबत नव्हती. प्रत्येक कण ठरलेल्या वेगाने जातो, शेजाऱ्यांची सरासरी दिशा घेतो, आणि त्यात थोडी चूक मिसळली जाते. चूक कमी असली की सगळे एका दिशेने. चूक वाढवत नेली की एका टप्प्यावर शिस्त मोडते. तुमच्याकडे आता सगळं तयार आहे: अंतर आणि सोबत शून्य करा, दर चौकटीत प्रत्येकाचा वेग थोड्या यादृच्छिक (रँडम) कोनाने फिरवा, आणि कोनाच्या मर्यादेपुढे तो आकडा आलेखावर मांडा. पायगेममध्ये सदिश फिरवण्याचं नेहमीचं फंक्शन अंश घेतं, रेडियन नाही. तिथं अनेकांचा घोळ होतो.

रोमच्या आभाळातले सात शेजारी

रोममध्ये तेर्मिनी रेल्वे स्थानकाजवळ हिवाळ्यात युरोपीय मैनांचे प्रचंड थवे येतात. आपल्या भोरड्यांच्या त्या जवळच्या नातलग. तिथल्या पालात्सो मास्सिमो या संग्रहालयाच्या गच्चीवरून इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी एकाच क्षणी अनेक कॅमेऱ्यांनी फोटो काढले आणि थव्यातल्या प्रत्येक पाखराची त्रिमितीतली जागा काढली. पुढे २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जॉर्जो पारिसी या गटात होते. २००८ मध्ये या गटाने दाखवलं की मैना ठराविक अंतरातल्या सगळ्यांकडे लक्ष देत नाही. ती सर्वांत जवळच्या सहा-सात जणींकडे लक्ष देते, मग त्या हातभर लांब असोत की बऱ्याच दूर.

हा बदल कोडमध्ये तीन ओळींचा आहे: दिशा आणि सोबत यांसाठी ५० पिक्सेलची अट काढा, सगळ्यांना अंतरानुसार क्रमाने लावा, पहिले सात घ्या. फरक बघायचा असेल तर पडद्यावर एक ससाणा सोडा. तो माऊसच्या टोकावर ठेवा, आणि त्याच्यापासून १०० पिक्सेलच्या आत असलेल्या पाखराला त्याच्या उलट दिशेची, बाकी ओढींच्या तिप्पट ओढ द्या. ५० पिक्सेलच्या नियमाने चालणारा थवा फुटला की दूर फेकली गेलेली पाखरं एकटी राहतात, कारण त्यांच्या वर्तुळात कुणी उरत नाही. सात शेजाऱ्यांच्या नियमात प्रत्येकाला कुठं ना कुठं सात शेजारी असतातच, त्यामुळे थवा परत सांधला जातो. मला विचाराल तर संपूर्ण प्रयोगात बघण्यासारखी सर्वांत सुंदर गोष्ट हीच.

पाखरं वाढली की वेग मंदावतो

१०० पाखरांत प्रत्येकाने बाकी ९९ जणांना तपासायचं म्हणजे चौकटीला ९,९०० तपासण्या. १,००० पाखरांत ९,९९,०००. पाखरं दहापट, काम शंभरपट. साध्या पायथनमध्ये सेकंदाला ६० चौकटी तिथं अशक्य आहेत.

उपाय चौकोनी जाळीचा. पडद्याचे ५० बाय ५० चे खण पाडा, आडवे २० आणि उभे १४. चौकटीच्या सुरुवातीला प्रत्येक पाखरू आपापल्या खणात नोंदवा. मग शेजारी शोधताना स्वतःचा खण आणि भोवतीचे आठ एवढेच बघा. खणाची बाजू दृष्टीच्या त्रिज्येइतकी असल्यामुळे नऊ खणांबाहेर शेजारी असूच शकत नाही. कडेच्या खणांचे शेजारी पलीकडच्या कडेला असतात हे विसरू नका. सात शेजाऱ्यांच्या नियमाला मात्र ही जाळी जशीच्या तशी पुरत नाही. नऊ खणांत सात मिळाले नाहीत, किंवा सातवा ५० पिक्सेलच्या पलीकडे निघाला, तर एक वेढा बाहेर जावं लागतं. २००-३०० पाखरांवर समाधान असेल तर हे सगळं बाजूला ठेवा.

थव्याकडून कळपाकडे

मेंढरांचा कळप याच कोडमधून उभा राहतो, पण दोन गोष्टी बदलतात. पाखरू थांबू शकत नाही, मेंढरू थांबतं, चरतं. म्हणून धोका लांब असेल तेव्हा वेग जवळपास शून्य, फक्त अंतराचा नियम चालू. आणि सोबत धोक्यावर अवलंबून असते: कुत्रं जवळ आलं की मेंढरं एकमेकांत घुसतात. विल्यम हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये याचं कारण मांडलं: प्रत्येक जनावर आपल्या आणि शिकाऱ्याच्या मध्ये दुसरं कुणी यावं म्हणून आत सरकतं.

हाकणाऱ्याचे नियम २०१४ मध्ये डॅनियल स्ट्रॉम्बॉम आणि सहकाऱ्यांनी मांडले, खऱ्या मेंढ्या आणि कुत्र्याच्या अंगावर जीपीएस लावून मिळवलेल्या माहितीशी ताडून. ते दोनच आहेत. कळपाच्या मध्यापासून सर्वांत दूर असलेलं मेंढरू फारच लांब गेलं असेल, तर हाकणाऱ्याने त्याच्या पलीकडे जाऊन त्याला आत आणायचं. कळप एकत्र असेल, तर मुक्कामाच्या उलट बाजूला, कळपाच्या पाठीमागे जाऊन सगळ्यांना पुढे ढकलायचं. आपल्याकडे धनगरांची कुत्री बहुधा राखणीला असतात आणि कळप माणूसच हाकतो, त्यामुळे मी हाकणाऱ्याच्या जागी कुत्र्याऐवजी धनगर काढतो. दोन नियमांत तो डावी-उजवी बाजू बदलत कळपामागे नागमोडी चालू लागतो, आणि ती नागमोड कोडमध्ये कुठंही लिहिलेली नसते.

एवढं झालं की पुढचा प्रयोग करा. १०० पाखरांतल्या पाचांना गुपचूप एक जादा ओढ द्या, कायम ईशान्येकडे जाणारी. बाकीच्या ९५ जणांना ती पाच कोण हे माहीत नसतं. इयान कझिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशाच प्रतिकृतीत दाखवलं की थवा जितका मोठा, तितकं वाट माहीत असलेल्यांचं प्रमाण कमी लागतं. तुमच्या थव्यात किती पुरतात ते पाचावरून एकावर येत मोजा, मग पाखरं ३०० करून पुन्हा मोजा. त्या पाचांचा रंग मात्र बदलू नका, नाहीतर डोळा त्यांच्यामागेच जातो आणि थवा कधी वळला ते निसटतं.